सळईने न उघडणारं कुलूप: आठ पिना घेऊन का भागत नाही

गोव्यात फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलं आहे: "काका, प्रोजेक्टसाठी सळईने उघडता येणार नाही असं कुलूप डिझाइन करतोय. पाचाऐवजी आठ पिना घेतल्या, किल्लीचं भोक अरुंद आणि नागमोडी केलं, टॉलरन्स (मापात चालवून घेतलेला फरक) घट्ट धरला, तर पुरेल का?"

नाही पुरणार. यातली एक गोष्ट बऱ्यापैकी उपयोगाची आहे, एक थोडीशी, आणि एकीने तर नुकसानच होईल. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मी तीस वर्षं पितळी कुलपांचं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आठ पिनांचा हिशेब. पिना म्हणजे कुलपाच्या आत किल्लीने वर उचलल्या जाणाऱ्या बारीक दांड्या. प्रत्येक पिनेला सहा उंच्या धरल्या तर पाच पिनांच्या कुलपाच्या ७,७७६ वेगवेगळ्या किल्ल्या होतात आणि आठ पिनांच्या १६,७९,६१६. आकडा बघून छाती भरून येते. पण सळई घेऊन बसलेला माणूस सगळ्या किल्ल्या एकेक करून लावून बघत नाही. तो एका वेळी एकच पिन सोडवतो, ती सुटली की पुढची घेतो. पाच पिनांना सहा उंच्या म्हणजे जास्तीत जास्त तीस पायऱ्या, आठ पिनांना अठ्ठेचाळीस. तुला वाटतंय सोळा लाखांची भिंत उभी केली. त्याच्या वाटेत फक्त अठरा पायऱ्या वाढल्या आहेत.

त्याला एकेक पिन सुटी सोडवता येते, ती का? सगळं डिझाइन या एका प्रश्नावर उभं आहे.

माझ्या टेबलावर मिलिंग मशीनवर उभं कापलेलं एक पितळी पॅडलॉक असतं. नव्या पोराला कामावर घेतलं की पहिल्या दिवशी तेच हातात देतो. आत फिरणारा गोल प्लग, त्याच्याभोवती बॉडी, आणि दोन्हींतून आरपार गेलेली पाच भोकं. प्रत्येक भोकात खालची पिन, तिच्यावर वरची पिन, तिच्यावर स्प्रिंग. बरोबर किल्ली घातली की खालच्या आणि वरच्या पिनांमधला सांधा पाचही ठिकाणी प्लगच्या कडेशी नेमका जुळतो. त्या कडेला आम्ही शिअर लाइन म्हणतो. सांधे जुळले की प्लग फिरतो.

आता किल्ली काढ, पातळ पट्टीने प्लगला अगदी हलका पीळ दे आणि कापलेल्या बाजूने आत बघ. पाच पिना अडकायला हव्यात, पण अडकलेली असते एकच, समज तिसरी. बाकीच्या चार सळईने ढकलल्या तर स्प्रिंगवर मऊ वरखाली होतात; तिसरी मात्र रुतलेली, हट्टी. कारण प्लगमधली भोकं आणि बॉडीतली भोकं कधीच एका ओळीत नसतात. ड्रिल कुठे एक शतांश मिलिमीटर सरकलेलं असतं, कुठे दोन. जे भोक सगळ्यात जास्त सरकलंय, तिथली पिन आधी अडकते. तिला हळूहळू वर ढकललं की सांधा कडेशी येतो, प्लग केसभर फिरतो, बोटांना बारीकसा "टिक्" जाणवतो, आणि वरची पिन प्लगच्या कडेवर बसून राहते. आता चौथी रुतते, मग पहिली. पाचवा टिक् झाला की कुलूप उघडलं.

म्हणजे हे कुलूप त्या माणसाच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत असतं. कुठली पिन अडकली? ही. बरोबर उंचीला आली का? आली. आतापर्यंतची कमाई राहील का? राहील, पीळ सोडू नकोस. ही तीन उत्तरं जोवर कुलूप देतंय, तोवर तू पिना आठ घे नाहीतर बारा. तुझं काम एकच: कुलूप गप्प करायचं.

यावरून १८५१ सालची लंडनची गोष्ट सांगायलाच हवी. जेरेमाया चब याने १८१८ मध्ये एक लिव्हरचं कुलूप बनवलं होतं. लिव्हर म्हणजे किल्लीने उचलली जाणारी आतली सपाट पट्टी. चुकीच्या किल्लीने एखादा लिव्हर जरुरीपेक्षा जास्त उचलला गेला की तो वरच अडकायचा आणि मग कुलूप खऱ्या किल्लीनेही सरळ उघडत नसे. मालकाला कळायचं की कोणीतरी हात घातला होता. कल्पना उत्तम होती. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या कुलूपवाल्याने ते सुमारे पंचवीस मिनिटांत उघडलं. त्याने त्याच सापळ्याचा उपयोग करून घेतला. लिव्हर वर अडकला म्हणजे उंची जास्त झाली, हे खुद्द कुलूपच त्याला सांगत होतं. राखणदाराच्याच तोंडून त्याने माहिती काढून घेतली. मग तो जोसेफ ब्रामाच्या कुलपाकडे वळला. १७८४ च्या पेटंटचं हे कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडून उघडणाऱ्याला दोनशे गिनींचं (गिनी म्हणजे जुनं इंग्रजी सोन्याचं नाणं) बक्षीस लावलेलं होतं. ते उघडायला हॉब्जला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले, पण उघडलं.

या दोन्हींत कारागिरी कमी पडली नव्हती. ब्रामाच्या काळचं काम आजही बघून हात जोडावेत असं आहे. कमी एकच होती: पीळ द्यायचा आणि त्याच वेळी आतल्या भागांना हात लावायचा, ही मोकळीक दोघांनीही ठेवली होती.

आता टॉलरन्स. भोकं जितकी नेमकी, तितकी पाचही पिना एकदम अडकतात आणि तितकी त्यांची बोलणी अस्पष्ट होतात, हे खरं. म्हणून प्लग आणि बॉडीची भोकं एकाच सेटिंगमध्ये ड्रिल करावीत आणि रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार, फिरवून पुरी करावीत. इथवर तुझं बरोबर आहे. पण प्लग आणि बॉडीमधली मोकळीक कमी करत जाणं वेगळं, आणि त्याचा धडा मी स्वतः घेतला आहे. एका वर्षी मार्चमध्ये किनाऱ्यावरच्या एका हॉटेलासाठी आम्ही दोनशे पॅडलॉक केले. नेहमी चार-पाच शतांश मिलिमीटर सोडतो, तिथे दोनच सोडले. वर्कशॉपमध्ये सळईने एकही उघडेना, आम्ही खूश. जूनमध्ये पाऊस लागला. खारी हवा, दमटपणा, वर हॉटेलच्या माळ्याने घातलेलं खोबरेल तेल. चवथीच्या आधीच्या आठवड्यात गोणीत भरून सगळी परत आली. एक कापून बघितलं तर प्लगभोवती हिरवट थर, पिनांच्या भोकांत तेल आणि धुळीचा चिकट लगदा, आणि खरी किल्ली जोर लावून पिळवटलेली. चूक पूर्णपणे माझी होती. सगळी बदलून दिली.

तेव्हापासून माझा नियम आहे: मोकळीक इतकीच घट्ट करायची की तीन पावसाळे खाऊनही किल्ली दोन बोटांनी फिरली पाहिजे. कोरड्या हवेच्या देशात बनलेल्या कुलपांची मापं गोव्यात तशीच उचलू नकोस. आणि कुलपात खोबरेल तेल घालू नये, हे घरोघरी सांगायला हवं.

नागमोडी भोकाबद्दल थोडक्यात. त्याने सळईला जागा कमी मिळते आणि नवशिक्या थांबतो. पण भोक जितकं अरुंद तितकी किल्ली बारीक, आणि पितळी किल्ली मोडली की घरमालक पावसात दारात उभा. उपयोग आहे, मर्यादित आहे.

यापेक्षा जास्त फायदा वरच्या पिनांचा आकार बदलण्यात आहे. सरळ पिनेऐवजी मधे खाचून दोऱ्याच्या रिळासारखी केलेली पिन घाल. पीळ दिला की प्लग चांगला दोन-चार अंश फिरतो, उघडणाऱ्याला वाटतं झालं, आणि रिळाची मान कडेत अडकून तिथेच थांबतो. पुढे जायचं तर पीळ सैल करून प्लग थोडा मागे जाऊ द्यावा लागतो, आणि त्यात आधी बसवलेल्या पिना खाली पडतात. पिनेवर बारीक आडव्या खाचा कापल्या आणि भोकातही तसेच आटे पाडले, तर प्रत्येक खाचेला खोटा टिक् येतो. लेथवर या पिना करायला फार खर्च येत नाही. पण हेही ओळख: रिळाची पिन खोटं बोलते, गप्प बसत नाही. आणि खोटं बोलणाऱ्याची लकब ऐकून ऐकून पाठ होते. सराव असलेल्या माणसाला प्लग मागे ढकलला गेल्याचा तो दाबच सांगतो की इथे रीळ आहे आणि मी तिच्यावर आहे.

एक पायरी वर गेलं की साइडबारची कुलपं येतात. प्लगच्या बाजूला एक आडवी पट्टी असते, आणि आतल्या सगळ्या भागांच्या खाचा तिच्यासमोर आल्या तरच ती आत सरकते. अमेरिकेच्या मेडेकोच्या कुलपात पिना नुसत्या उचलल्या जाऊन भागत नाही. तिरप्या कापलेल्या किल्लीने त्या ठराविक कोनात फिरल्याही पाहिजेत. फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सनने १९०७ मध्ये डिस्कचं कुलूप काढलं, त्याचंच पुढे अब्लॉय झालं. त्यात स्प्रिंगच नाहीत, नुसत्या फिरणाऱ्या चकत्या. स्प्रिंग नाही म्हणजे गंजून बसायला एक वस्तू कमी. म्हणून मालीम जेटीवरचे ट्रॉलरवाले विचारायला आले की मी त्यांना डिस्कचंच कुलूप सुचवतो. पण सळईच्या दृष्टीने बघितलं तर इथेही साइडबारवर दाब ठेवून एकेक चकती चाचपता येते. हत्यार खास लागतं, वेळ जास्त जातो. बोलणं चालूच राहतं.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं तिथे येतो. विचारणं आणि तपासणं वेगळं कर. किल्ली आपल्या उंच्या सांगेल तेव्हा कुलूप काही तपासणार नाही, आणि कुलूप तपासेल तेव्हा बाहेरून कोणाचाही हात आतल्या भागांना लागणार नाही. कल्पना नवी नाही. हॉब्ज स्वतः ज्या न्यूयॉर्कच्या डे अँड न्यूवेल कंपनीचं कुलूप घेऊन लंडनला आला होता, त्यात लिव्हरांचे दोन संच होते. किल्ली एकाला उचलायची आणि बोल्टचा दाब दुसऱ्यावर यायचा. तेही पुढे उघडलं गेलंच, कारण दोन संचांमधली ताटातूट पुरेशी नव्हती. पण दिशा बरोबर होती, आणि आज सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, आपण ती ताटातूट पुरी करू शकतो.

मी तुझ्या जागी असतो तर असं मांडलं असतं. पिनांऐवजी प्लगमध्ये सहा सरकपट्ट्या. किल्ली घातली की प्रत्येक पट्टी आपापल्या उंचीला उचलली जाते. प्लगचा पहिला तीस अंशांचा फेरा कोणालाही मोकळा: खरी किल्ली असो, खोटी असो, सळई असो. या फेऱ्यात दोनच कामं होतात. एक दातेरी पकड सहाही पट्ट्यांना आहे त्या उंचीवर धरते, आणि किल्लीच्या भोकाचा पट्ट्यांशी संबंध तुटतो. तीस अंशांनंतर साइडबार पट्ट्यांवर येऊन टेकतो. सहाही खाचा समोर असतील तर आत जातो आणि प्लग पुढे फिरतो. नसतील तर तिथेच ठप्प. मागे फिरवलं की साइडबार सुटतो, मग पकड सुटते, आणि सगळ्या पट्ट्या स्प्रिंगने खाली येतात. कमाई शून्य, पुन्हा पहिल्यापासून.

सगळा जीव क्रमात आहे. मागे येताना साइडबार पूर्ण दूर गेल्यावरच पकड सुटली पाहिजे. या दोन क्षणांत एक अंशाचीही सरमिसळ झाली, तर साइडबार पट्ट्यांना टेकलेला आणि पट्ट्या हलवता येताहेत अशी एक बारीक खिडकी उघडते, आणि कसबी माणूस प्लग नेमका त्या खिडकीत धरून बसेल. तिथे तुझं कुलूप पुन्हा जुन्या पिनांच्या कुलपासारखं बोलायला लागेल. म्हणून दोन्हींमध्ये निदान पाच अंशांची मोकळी जागा ठेव, आणि कॅम, म्हणजे प्लग फिरताना पकड चालवणारा चढउताराचा भाग, झिजल्यावरही ती शिल्लक राहते का ते नव्या नाही, वापरलेल्या नगावर मोज.

पकड घर्षणाची नको, दातेरीच हवी. घर्षणाने धरलेली पट्टी सळईच्या टोकाने जोर लावून सरकवता येते. दात्यांचं अंतर किल्लीच्या उंच्यांमधल्या अंतराइतकं ठेव, समज अर्धा मिलिमीटर, आणि दात्यांची टोकं गोल कर, म्हणजे किल्ली थोडी झिजली तरी पट्टी आपोआप जवळच्या घरात बसेल. हा जोडलाभ मला फार मोलाचा वाटतो. साध्या कुलपात किल्लीची झीज थेट सांध्यावर येते. इथे दाते ती सांभाळून घेतात, म्हणून इतरत्र मोकळीक थोडी सैल ठेवता येते. आपल्या हवेत तेच पाहिजे.

पट्ट्यांवर खऱ्या खाचेखेरीज उथळ खोट्या खाचाही काप, सगळ्या एकाच खोलीच्या. नाहीतर प्लग कुठे थांबला त्या कोनावरून किती पट्ट्या जुळल्या याचा अंदाज येऊ शकतो. ठप्प होण्याची जागा दर वेळी तीच, आवाज तोच, हाताला लागणारा धक्का तोच.

हे साधलं तर हिशेब पुन्हा तुझ्या बाजूने होतो. उघडणाऱ्याला आता पूर्ण जुळणी एकदम लावून बघावी लागते, अर्धवट जुळणीचं काही फळ नाही. पाच पट्ट्या, सहा उंच्या, एका प्रयत्नाला पंधरा सेकंद धरले तरी ७,७७६ प्रयत्नांना बत्तीस तास. सहा पट्ट्यांना १९४ तास. म्हणून आठ नको, सहा पुरे. दोन कमी केल्याने प्लग आखूड राहतो, किल्ली जाड राहते, आणि अडकायला दोन जागा कमी.

याच रचनेने किल्ली लावून ठसे काढण्याची युक्तीही बंद होते. कोरी मऊ किल्ली घालून जोराने पिळली की अडकलेल्या पिना तिच्यावर बारीक चकाकणारे डाग उमटवतात, आणि त्या डागांवर कानस चालवत गेलं की किल्ली तयार. तुझ्या कुलपात तपासणीच्या वेळी किल्ली पट्ट्यांना टेकलेलीच नसेल, तर डाग पडणार कुठून? ठोकून उघडण्याचा प्रकार, म्हणजे खोल दात्यांची किल्ली घालून तिच्यावर टोला मारायचा आणि पिना उडालेल्या क्षणात पीळ द्यायचा, तोही अडतो, कारण त्या क्षणी तपासायला समोर साइडबारच नाही.

किल्लीचा फोटो काढून नक्कल करणं मात्र या रचनेने थांबत नाही. आणि कडी-कोयंडा चार लाकडी स्क्रूंवर असेल, पावसाने चौकट फुगली असेल, तर सळईला विचारतो कोण, पहार घालतील. पण तो वेगळा विषय. तू सळईबद्दल विचारलंस.

एक गोष्ट लोक विसरतात. पकड अर्धवट फिरून बसली, एखादा दाता तुटला, तर किल्ली आत अडकते आणि माणूस बाहेर. अशा वेळी प्लग मागे फिरून किल्ली सुटेल इतकी तरी वाट ठेव. रिटर्न स्प्रिंगच्या ताकदीवर विसंबू नकोस. पकड सोडवायचं काम कॅमने किल्लीच्या जोरावर करवून घे. स्प्रिंग फॉस्फर ब्राँझची किंवा स्टेनलेसची, साधी पोलादी वायर नको. बॉडी झिंक डायकास्टिंगची करायचा मोह होईल, स्वस्त पडते. समुद्राकाठी पहिल्या दोन वर्षांत फोड येतात. पितळच घे.

राहिलं चाचणीचं. ड्रॉइंग लपवून ठेवू नकोस. रचना शत्रूला पूर्ण माहीत आहे असं धरून चालायचं आणि सगळं गुपित फक्त किल्लीत ठेवायचं, हे तत्त्व ऑगस्ट कर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये गुप्तलेखनासाठी मांडलं. कुलपाला ते तंतोतंत लागू पडतं. पाच नग बनव. एक उभा कापून सळईचा सराव असलेल्या मित्राच्या हातात दे, ड्रॉइंगसकट, आणि दुसरा बंद नग उघडायला सांग. कापलेल्या नगात त्याने कुठे बोट ठेवलं, कुठे थांबून ऐकलं, ते शेजारी बसून लिहून घे. तो जिथे थांबेल तिथे तुझं कुलूप बोलतंय. तिसरा नग मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून, वाळवून, असं दहा वेळा कर आणि मग खऱ्या किल्लीने उघडून बघ. चौथा हजार वेळा उघड-बंद करून त्यातली ती पाच अंशांची जागा पुन्हा मोज. पाचवा माझ्याकडे घेऊन ये, कुंडईला. येताना कॅमचं ड्रॉइंगही आण, पहिल्या तीस अंशांचा भाग मोठ्या मापात काढलेला.